ऑटोमॅटिक गाडीत कोणतं ऑइल चालतंय ते कसं बघायचं

आपल्याकडं आता ऑटोमॅटिक गाड्या लै झाल्यात. पूर्वी एखाद्या डॉक्टरकडं नायतर बिल्डरकडं दिसायची, आता मास्तर लोकं पण घ्यायलेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी पुण्या-मुंबईहून सेकंडहँड आणलेली असती, जिची सर्व्हिस हिस्ट्री अर्धी गायब असती. गाडी वापरायला मस्त, पण गिअरबॉक्सचं ऑइल बदलायची वेळ आली की तालुक्याच्या गावात पंचाईत होती. मेकॅनिक इंजिनाच्या कामात हुशार असतो, मॅन्युअल गिअरबॉक्स डोळे झाकून खोलंल, पण ऑटोमॅटिकचं नाव काढलं की म्हणतो "एटीएफ टाकून देतो साहेब, सगळं एकच असतंय". एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल. सगळं एक नसतंय. चुकीचं ऑइल गेलं तर गिअरबॉक्सचं काम काही हजारात निघत नाही, लाखाच्या घरात जातंय. म्हणून दुकानात जायच्या आधी आपल्याला नेमकं काय पाहिजे ते आपणच बघून ठेवायचं, अवघड काही नाही त्यात.

पहिलं काम म्हणजे आपल्या गाडीत गिअरबॉक्स कोणत्या जातीचा आहे ते शोधणं, कारण क्लच पेडल नाही एवढ्यावरून काहीच कळत नाही. आपल्याकडच्या बाजारात मुख्य अशा चार जाती येतात. एक एएमटी, मारुती त्याला एजीएस म्हणते. हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम माणसाऐवजी मशीन करतंय, त्यामुळं ह्यात एटीएफ जात नाही, मॅन्युअलसारखंच गिअर ऑइल जातंय, आणि ज्या गाडीत ते मशीन हायड्रॉलिक असतंय तिथं त्याचं वेगळं थोडंसं ऑइल असतंय. दुसरा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे खरा जुना ऑटोमॅटिक, इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, नवी ब्रेझा, क्रेटा डिझेल वगैरे. तिसरा सीव्हीटी, ज्यात गिअरच नसतात, दोन पुलींच्या मध्ये स्टीलचा बेल्ट फिरतो, होंडा सिटी, अमेझ, मॅग्नाइट ह्यांच्यात. ह्युंदाई-किया त्यालाच आयव्हीटी म्हणतात. चौथा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचवाला डीसीटी, फोक्सवॅगन-स्कोडावाले डीएसजी म्हणतात आणि टाटा डीसीए.

ह्यात गोंधळ कुठं होतो तर गाडीच्या नावावरून ऑइल मागण्यात. "क्रेटा ऑटोमॅटिकचं ऑइल द्या" असं म्हणलं की दुकानदारानं काय द्यावं? २०२४ च्या क्रेटात साध्या पेट्रोलला आयव्हीटी, टर्बो पेट्रोलला डीसीटी आणि डिझेलला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, एकाच शोरूममध्ये एकाच नावाखाली तीन वेगळे गिअरबॉक्स उभे. होंडा सिटी बघा, २००३ नंतरच्या गोल बुडाच्या सिटीत सीव्हीटी होता, त्यानंतरच्या पिढीत पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आला, आणि २०१४ ला परत सीव्हीटी. ब्रेझाचं तर डिझेल होतं तेव्हा एएमटी, मग २०२० च्या पेट्रोलला चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आणि २०२२ पासून सहा गिअरचा. कुशाक-तायगुनमध्ये १.० इंजिनला टॉर्क कन्व्हर्टर आणि १.५ ला डीएसजी. त्यामुळं मॉडेल, वर्ष, इंजिन हे तिन्ही माहीत पाहिजेत. आरसी बुकात वर्ष आणि फ्युएल मिळतंय, बाकीचं मॅन्युअलमध्ये.

मॅन्युअल म्हणजे ग्लोव्ह बॉक्समधलं ते जाडं पुस्तक, जे कुणी उघडत नाही. सेकंडहँड गाडीत ते नसतंयच बहुतेक वेळा, पण कंपनीच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर पीडीएफ मिळती, फुकट. त्यात शेवटी शेवटी स्पेसिफिकेशन नावाचं प्रकरण असतंय, तिथं इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल ह्यांच्या रांगेत ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड लिहिलेलं असतंय आणि पुढं एक कोड. तो कोड म्हणजे आपलं उत्तर. टोयोटाच्या क्रिस्टाला डब्ल्यूएस. ह्युंदाईच्या सहा गिअरवाल्याला एसपी फोर, जुन्या चार गिअरवाल्या आय-टेन, आय-ट्वेंटीला एसपी थ्री. आयव्हीटीला एसपी-सीव्हीटी वन. होंडाच्या टॉर्क कन्व्हर्टरला पूर्वी झेड वन होतं, आता त्याच्या जागी डीडब्ल्यू वन. होंडाच्या २०१४ नंतरच्या सीव्हीटीला एचसीएफ टू. निसानच्या आताच्या सीव्हीटीला एनएस थ्री. जनरल मोटर्सचं डेक्सरॉन, फोर्डचं मर्कॉन. बऱ्याच गाड्यांना जुन्या पद्धतीची डिपस्टिक असती, तिच्या दांडीवर पण कोड कोरलेला सापडतो कधी कधी, पुसून बघा. हा कोड मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि दुकानात बोलून सांगू नका, फोटोच दाखवा, कारण एसपी थ्री आणि एसपी फोर ऐकायला सारखंच वाटतंय आणि आतमध्ये दोन्ही वेगळी.

आता काहून एवढं नखरं? इंजिन ऑइलचं काम मुख्यतः घासू न देणं आणि थंड ठेवणं. ऑटोमॅटिकच्या ऑइलला त्याच्यापेक्षा दोन-तीन कामं जास्त आहेत. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद पुढं ढकलणारं ऑइलच असतंय, तिथं दुसरं काही जोडलेलं नसतंय, लॉक-अप क्लच (वेग धरल्यावर दोन्ही बाजू थेट जोडणारा) लागेपर्यंत. मग व्हॉल्व्ह बॉडी नावाच्या भागात बारीक बारीक नळ्यांतून ह्याच ऑइलचं प्रेशर फिरतंय आणि कोणता गिअर कधी पडायचा ते त्या प्रेशरवर चालतंय, म्हणून ऑइल ठराविक पातळच पाहिजे. आणि सगळ्यात नाजूक म्हणजे आतल्या क्लच प्लेटा ऑइलमध्ये बुडूनच एकमेकींना पकडतात. म्हणजे ऑइलनं घसरू पण द्यायचं आणि पकडू पण द्यायचं, किती घसरायचं किती पकडायचं ते त्यातल्या केमिकलवर ठरतंय, त्याला फ्रिक्शन मॉडिफायर म्हणतात. हे प्रमाण प्रत्येक कंपनीनं आपापल्या क्लचच्या मटेरियलप्रमाणं बसवलेलं असतंय. सीव्हीटीत तर प्रकरण उलटंच, तिथं स्टीलचा बेल्ट स्टीलच्या पुलीवर अजिबात घसरला नाही पाहिजे, ऑइल असून सुद्धा. तिथं साधं लाल एटीएफ गेलं तर बेल्ट सरकतो, पुलीवर ओरखडे पडतात आणि ओरखडे पडले की परत चांगलं ऑइल टाकून काही उपयोग नसतो.

जुनी टोयोटा असंल तर टी-फोर आणि डब्ल्यूएस हा फरक नक्की समजून घ्या, कारण दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेली असतात. टी-फोर जाडं, १०० अंशाला साधारण ७ सेंटीस्टोक (हे जाडीचं माप), डब्ल्यूएस पातळ, साडेपाचच्या आसपास. एकाच कंपनीची दोन ऑइलं, दोन्ही लाल, आणि एकाच्या जागी दुसरं चालत नाही. नवीन निघालं म्हणजे जुन्याच्या जागी चालतंयच असं नाही. कुठं चालतंय? जिथं कंपनीनं स्वतः सांगितलंय तिथं. डेक्सरॉन सिक्स हे २००५ ला आलं आणि जनरल मोटर्सनं सांगितलं की आमच्या जुन्या गाड्यांत टू, थ्रीच्या जागी हे टाका. होंडानं झेड वनच्या जागी डीडब्ल्यू वन सांगितलं. पण डेक्सरॉन सिक्स मागणाऱ्या गाडीत थ्री टाकायचं नाही, आणि होंडाच्याच जुन्या सीव्हीटीला एचएमएमएफ लागतंय, तिथं एचसीएफ टू नाही. नियम बनवायला जाऊ नका, प्रत्येकाचं वेगळं बघा.

रंगाचं पण एक खूळ आहे लोकांच्या डोक्यात. लाल म्हणजे एटीएफ, हिरवं म्हणजे सीव्हीटी. लाल रंग हा नुसता टाकलेला डाय असतो, इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू यावं म्हणून, त्याचा आणि गुणाचा काही संबंध नाही.

मग डब्यावर काय वाचायचं? डबा हातात घेतला की समोरची बाजू सोडून द्या, तिथं सोन्याच्या अक्षरात सिंथेटिक, मल्टी, प्रीमियम असलं काहीतरी असतंय. डबा फिरवा. मागं बारीक अक्षरात कोडची यादी असती आणि त्या यादीच्या वर एक वाक्य असतंय, खरी गोम त्या वाक्यात आहे. "अप्रूव्ह्ड" लिहिलं असंल तर गाडीच्या कंपनीनं हे ऑइल तपासून मान्यता दिलीये असा अर्थ. डेक्सरॉन सिक्सच्या खऱ्या डब्यावर तर लायसन्स नंबर छापलेला असतो, इंग्रजी J अक्षरानं सुरू होणारा. "मीट्स" म्हणजे ऑइल बनवणारा म्हणतोय की आमचं ऑइल त्या कसोटीत बसतंय. आणि "सुटेबल फॉर" किंवा "रेकमेंडेड फॉर युज इन" म्हणजे ऑइल बनवणाऱ्याचं नुसतं मत, गाडीच्या कंपनीनं त्याच्यावर सही केलेली नाही. तिसऱ्या प्रकारची चाळीस कोडची यादी बघून लोकं खुश होतात, मला उलट शंका येती. टी-फोर आणि डब्ल्यूएस दोन्ही एकाच डब्यावर असतील तर विचार करा ना राव, एक ऑइल एकाच वेळी जाडं आणि पातळं कसं असंल?

तरी पण मल्टी-व्हेइकल ऑइल सगळंच वाईट असं मी म्हणणार नाही. गाडी दहा-पंधरा वर्षांची, वॉरंटी कधीच संपलेली, साधा चार-पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, कंपनीचं ऑइल मिळत नाही किंवा लै महाग पडतंय, तर नामांकित कंपनीचं, आपला कोड डब्यावर स्पष्ट लिहिलेलं ऑइल टाकलं तर चालतंय. सीव्हीटी असंल, डीसीटी असंल किंवा वॉरंटी चालू असंल तर हा प्रयोग करू नका, कंपनीचंच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या.

मोंढ्यातल्या किंवा ट्रॅक्टरच्या स्पेअरच्या दुकानात "एटीएफ" म्हणून जे लाल ऑइल मिळतंय, सुटं पण मिळतंय कधी कधी, ते बहुतेक वेळा पॉवर स्टेअरिंगसाठीचं असतंय. डब्यावर टाइप ए सफिक्स ए किंवा डेक्सरॉन टू-डी असं दिसंल. टाइप ए सफिक्स ए हे स्पेसिफिकेशन १९५७ चं आहे, म्हणजे आपल्या आजोबांच्या काळातलं. ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगला ठीक आहे, पण २०१८ च्या सहा गिअरच्या बॉक्समध्ये ते टाकणं म्हणजे गुन्हाच. आमच्या नात्यातल्या एकांच्या गाडीत एका गॅरेजवाल्यानं असंच सुटं लाल ऑइल भरलं होतं. काही दिवस काहीच कळलं नाही, मग साठ-सत्तरच्या स्पीडला हलकं ॲक्सिलरेटर असताना गाडी थरथरायली, बीड बायपासवर गुळगुळीत डांबर आणि आत बसलेल्याला वाटायचं रम्बलरवरून चाललोय. तो लॉक-अप क्लचचा थरथराट होता. व्हील बॅलन्सिंग केलं, इंजिन माउंट बदलले, आणि शेवटी ऑइल बदलल्यावर गेलं ते. नशीब लवकर लक्षात आलं.

आपल्याकडचा आणखी एक सल्ला म्हणजे "इकडं ऊन लै, थोडं जाडं टाका". परभणी-नांदेडला मे महिन्यात ४२-४३ जातंय हे खरं, पण गिअरबॉक्सच्या आत ऑइल एरवी पण ८०-९० अंशावर चालत असतंय, ते पातळपण त्या तापमानाला धरूनच ठरवलेलं असतंय. जाडं टाकलं की प्रेशर उशिरा पोचतंय, गिअर उशिरा पडतो, आणि वरून ॲव्हरेज जातंय. उन्हाचा परिणाम होतो तो ऑइलच्या आयुष्यावर. ह्या धंद्यातला जुना ठोकताळा असा की ८० अंशाच्या वर दर १०-११ अंशाला ऑइलचं आयुष्य निम्मं होतंय. म्हणून उन्हाळ्यात आठ माणसं भरून मांजरसुंबा घाट चढवायचा, नायतर समृद्धीवर तासन् तास १२० नं पळवायची, असला वापर असंल तर जाडं ऑइल नको, त्याच कोडचं ऑइल लवकर बदला. मॅन्युअलमध्ये "सिव्हिअर" वापरासाठी कमी किलोमीटरचा वेगळा रकाना असतो, आपण सगळे त्या रकान्यात येतो असं धरून चाला. आणि कुणी "लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचंच नाही" म्हणलं तर त्यांना सांगा की बीएमडब्ल्यूचे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, जे आधी होईल तेव्हा बदला असं सांगती.

बदलायच्या आधी जुन्या ऑइलची अवस्था बघा. डिपस्टिक असंल तर पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब सोडा आणि दोन मिनिटं थांबा. थेंब पसरून कडेला फिकट लाल होत असंल तर ठीक. मधे काळा ठिपका तसाच बसला आणि जळका वास आला तर क्लच प्लेटा झिजायल्यात. गुलाबी दुधाळ दिसलं तर रेडिएटरमधून पाणी आत आलंय, अशी गाडी चालवू नका आणि नुसतं ऑइल बदलून समाधान मानू नका, आधी गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा कूलर बघा. गाडीखाली लाल डाग दिसला तर बोटावर घेऊन चोळा, तेलकट लागलं तर ऑइल, पाणचट असंल तर कूलंट, कारण काही कूलंट पण लालच येतंय.

आता किती लिटर घ्यायचं. इथं लै जण फसतात. मॅन्युअलमध्ये समजा एकूण ८ लिटर लिहिलंय, पण ड्रेन बोल्ट उघडला की ४ च्या आसपासच बाहेर येतंय, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरच्या नळ्यांत अडकून राहतंय. म्हणजे एकदा बदललं की निम्मं नवीन निम्मं जुनं. मधे थोडी गाडी चालवून दुसऱ्यांदा बदललं की ७५ टक्के नवीन, तिसऱ्यांदा ८७ च्या पुढं. मशीन लावून फ्लश करतात ते पण ठीक आहे पण मशीनमध्ये आधीच्या गाडीचं दुसऱ्या कोडचं ऑइल राहिलंय का ते विचारा, विचारायला लाजू नका. मेकॅनिकला सांगायचं की निघालेलं ऑइल मापाच्या डब्यात मोजा, जेवढं निघालं तेवढंच भरा. तळाचा पॅन काढला तर त्यातले लोहचुंबक बघा, त्यावर राखाडी बारीक लेप असणं नॉर्मल आहे, बोटाला टोचतील असे तुकडे असले तर मात्र गिअरबॉक्स खोलावा लागंल.

लेव्हल बघणं हे पण ऑइल निवडण्याइतकंच महत्त्वाचं. बहुतेक डिपस्टिकवाल्यांना इंजिन चालू, ऑइल गरम, गाडी सपाट, हँडब्रेक लावून सगळे गिअर एकदा फिरवून मग बघायचं, कोणत्या गिअरवर बघायचं आणि होंडासारखं इंजिन बंद करून बघायचं का ते मॅन्युअलमध्ये असतंय. बिनडिपस्टिकच्या गाडीला ऑइल ठराविक तापमानाला आलं की ओव्हरफ्लो बोल्ट उघडून बघतात, बऱ्याच टोयोटांना ते ३५ ते ४५ अंश असतंय. आता उन्हाळ्यात दुपारी आमच्याकडं पत्र्याच्या शेडमधली उभी गाडीच ४२ ला असती, इंजिन चालू करून बोल्ट उघडेपर्यंत तापमान पुढं निघून जातंय आणि गरम ऑइल फुगल्यामुळं जास्तीचं बाहेर पडून लेव्हल कमी राहती. हे काम सकाळी लवकर करा, आणि ऑइलचं तापमान दाखवणारा स्कॅनर नसलेल्या गॅरेजात करूच नका.

विकत घेताना बिल घ्या, डब्याचं सील आणि झाकणाखालची फॉइल बघा, बॅच नंबर आणि तारीख खरवडलेली नको. सगळे डबे आपल्यासमोर फोडायला लावा आणि रिकामे डबे घरी आणा किंवा तळाला भोक पाडून टाका, नकली माल ह्याच डब्यात भरला जातो. गिअर स्मूद करणारी छोटी बाटली फुकट देतो म्हणला तरी घेऊ नका, आत फ्रिक्शनचं प्रमाण आधीच मोजून बसवलेलं आहे.

आणि चुकीचं ऑइल भरलंय हे भरल्या भरल्या कळलं तर गाडी स्टार्ट करू नका, लगेच काढा, तेवढ्यानं बहुतेक सगळं निघतंय. स्टार्ट होऊन फिरली असंल तर योग्य ऑइलनं दोन-तीन वेळा बदली करावी लागंल. सीव्हीटी असंल तर तशीच चालवत शहरापर्यंत नेऊ नका, आणि दोरी बांधून ओढत तर अजिबात नाही, इंजिन बंद असलं की आतला ऑइल पंप फिरत नाही आणि चाकं फिरायली की गिअरबॉक्स कोरडा घासतो. पूर्ण गाडी वर चढवणारी फ्लॅटबेड मागवा, इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असंल तर तिचे पैसे पण लागत नाहीत बऱ्याचदा.